भजनी मंडळाचा मिक्सर: ऑप-अ‍ॅम्प कोणता घ्यावा, कसा जोडावा आणि पावसाळ्यात कसा सांभाळावा

गणपतीच्या तोंडावर दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक मिक्सरांच्या तक्रारी तीनच असतात. बुवांचा माइक वाढवला की मागे सळसळ वाढते, पखवाजावर जोराची थाप पडली की आवाज फाटतो, आणि हार्मोनियमचा आवाज कमी-जास्त केला की झांजेचाही आपोआप कमी-जास्त होतो. या तिन्हींवर मंडळाकडून सुचवला जाणारा उपायही ठरलेला असतो: ‘आतला आयसी बदला, चांगला टाका.’ रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या डबलबाऱ्या, नमन आणि दशावतार यांसाठी मिक्सर जुळवण्यात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दोष आयसीत क्वचितच असतो; तो त्याच्या भोवतालच्या रेझिस्टरांत, त्याला मिळणाऱ्या विजेत आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत असतो. म्हणून चार माइकांचा एक साधा मिक्सर जुळवताना सिग्नल वाढवणाऱ्या ‘ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर’ या आयसीची, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पची प्रत्येक पायरी कशी ठरवावी, हे येथे आकड्यांसह दिले आहे. ज्याला सोल्डरिंग येते, मल्टिमीटर वापरता येतो आणि रेझिस्टरवरचे रंगपट्टे वाचता येतात, त्याला हे काम जमेल.

ऑप-अ‍ॅम्पचे वागणे

‘ऑपरेशनल’ हे विशेषण गणितातले आहे. व्हॅक्यूम ट्यूबच्या काळात बेरीज, वजाबाकी, समाकलन अशा क्रिया विद्युत दाबांवर करणारी गणनयंत्रे असत, आणि त्यांतल्या अ‍ॅम्प्लिफायरला हे नाव १९४७ साली जॉन रागाझिनी यांच्या लेखातून मिळाले. आपल्या मिक्सरमध्ये चार आवाज एकत्र करणारी पायरी आजही अक्षरशः तीच बेरीज करते.

या आयसीला दोन इनपुट असतात, एक अधिक चिन्हाचे आणि एक उणे चिन्हाचे. दोहोंतला फरक तो प्रचंड पटींनी वाढवतो; ५५३२ या ऑप-अ‍ॅम्पमध्ये कमी वारंवारितेला हा गुणाकार सुमारे एक लाखाचा असतो. इतका गुणाकार आपल्याला थेट वापरता येत नाही, म्हणून आउटपुटचा काही भाग रेझिस्टरमधून उणे इनपुटला परत दिला जातो. हा ऋण फीडबॅक होय. माइक स्पीकरसमोर आला की जी शिट्टी वाजते, तिलाही आपल्याकडे फीडबॅकच म्हणतात, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ होतो. पण ती वेगळी गोष्ट आहे. ऋण फीडबॅक जोडला की ऑप-अ‍ॅम्पचे वागणे दोन वाक्यांत मावते: दोन्ही इनपुटांवरचा दाब समान राहील अशा बेताने तो आपले आउटपुट हलवत राहतो, आणि त्याची इनपुटे जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाहीत. पुढची सगळी गणिते या दोन वाक्यांवर उभी आहेत, आणि पुढे दुरुस्ती करतानाही हीच वाक्ये उपयोगी पडतात.

कोणता आयसी घ्यावा

७४१ हा आयसी डेव्ह फुलागर यांनी फेअरचाइल्डमध्ये घडवला आणि तो १९६८ मध्ये बाजारात आला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही पहिला तोच हातात पडतो, म्हणून अनेकजण मिक्सरमध्येही तोच बसवतात. त्याच्या दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. त्याचा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) आणि बँडविड्थ (किती वारंवारितेपर्यंत तो वाढवतो) यांचा गुणाकार सुमारे १ मेगाहर्ट्झ असल्यामुळे १०० पट गेन घेतला की त्याची धाव १० किलोहर्ट्झवर संपते. शिवाय त्याच्या आउटपुटचा दाब एका मायक्रोसेकंदात फक्त अर्धा व्होल्ट बदलू शकतो, त्यामुळे १० व्होल्ट शिखराचा सिग्नल तो जेमतेम ८ किलोहर्ट्झपर्यंतच सरळ देतो. झांजेचा झणत्कार याच भागात असतो, आणि ७४१ मधून तो बोथट होऊन बाहेर पडतो.

बाजारातल्या तयार टोन कंट्रोलच्या पट्ट्यांवर बहुधा ४५५८ असतो. तो ७४१ पेक्षा पुष्कळ बरा आहे आणि लाइन पातळीच्या सिग्नलसाठी चालतो. माइकच्या पहिल्या पायरीसाठी मात्र एनई५५३२ घ्यावा: त्याचा स्वतःचा गोंगाट हर्ट्झच्या दर वर्गमूळाला सुमारे ५ नॅनोव्होल्ट, वेग मायक्रोसेकंदाला ९ व्होल्ट आणि गेन-बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ आहे. टीएल०७२ चा गोंगाट १८ नॅनोव्होल्ट म्हणजे साडेतीन पटींहून अधिक असतो, पण त्याच्या इनपुटला जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असल्यामुळे तो नगण्य प्रवाह घेतो, आणि हार्मोनियमला चिकटवलेल्या, कंपनांचे विजेत रूपांतर करणाऱ्या पिझो चकतीसाठी नेमका हाच गुण लागतो. एलएम३५८ स्वस्त आहे आणि कोणत्याही दुकानात मिळतो, पण सिग्नल शून्य ओलांडताना त्याच्या आउटपुटमध्ये एक खाच पडते आणि हळू आवाज खरबरीत होतो. तो चार्जर आणि पाण्याच्या टाकीच्या सर्किटांसाठी राखून ठेवावा.

७४१ सोडून या चारही दुहेरी (एकात दोन ऑप-अ‍ॅम्प असलेल्या) आयसींच्या पायांचा क्रम एकच आहे: १, २, ३ हे पहिल्या अर्ध्याचे आउटपुट, उणे इनपुट आणि अधिक इनपुट, ४ वर उणे सप्लाय, ५, ६, ७ हे दुसऱ्या अर्ध्याचे अधिक इनपुट, उणे इनपुट आणि आउटपुट, आणि ८ वर अधिक सप्लाय. म्हणूनच एक काढून दुसरा बसवणे सोपे जाते, आणि म्हणूनच बाजारात ४५५८ वर ५५३२ चे नाव छापून विकणेही सोपे जाते. शंका आल्यास सिग्नल न देता आयसी किती प्रवाह घेतो ते मोजावे. खरा ५५३२ साधारण ८ मिलिअँपिअर घेतो. ४५५८ त्याहून बराच कमी घेतो.

वीजपुरवठा: निम्मा मिक्सर इथेच घडतो

ऑप-अ‍ॅम्पला अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट असा दुहेरी सप्लाय द्यावा. पुस्तकातल्या सर्किटात यासाठी १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२, ७९१२ हे रेग्युलेटर दाखवलेले असतात, आणि शहरात ते चालतेही. गणपतीत मात्र अख्ख्या वाडीत रोषणाई लागते, आणि लाइनच्या शेवटच्या घरात संध्याकाळी २३० ऐवजी १८० व्होल्ट उरलेले मी स्वतः मोजले आहेत. तेव्हा काय होते ते पाहा. १२ व्होल्टांच्या वाइंडिंगवर ९.४ व्होल्ट येतात, त्यांचे शिखर १३.३ होते, डायोडमध्ये ०.७ जातात आणि रेग्युलेटरच्या तोंडाशी १२.६ उरतात. ७८१२ ला नीट काम करण्यासाठी किमान साडेचौदा व्होल्ट लागतात. ते न मिळाल्याने कपॅसिटरवरची लहर रेग्युलेटरमधून आरपार जाते, मिक्सर घरघरू लागतो आणि मंडळ आयसीला दोष देते. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर त्याच १८० व्होल्टांवर सुमारे १५.९ मिळतात आणि काम भागते. पूर्ण दाबावर रेग्युलेटर थोडा जास्त तापतो, पण ५० मिलिअँपिअरला ही उष्णता अर्ध्या वॉटच्या आतच राहते. दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टांचे कपॅसिटर लावावेत.

इथे एक चूक सांगणे भाग आहे, कारण ती मी केली आहे. ७८१२ चे पाय समोरून पाहता इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे असतात; ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट असे. हे मला ठाऊक होते आणि जोडणी बरोबर होती. पण जागा वाचवण्यासाठी दोन्ही रेग्युलेटर मी एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने आवळले. ७८१२ ची पाठ ग्राउंडला असते आणि ७९१२ ची पाठ इनपुटला, त्यामुळे उणे बाजूचा पूर्ण दाब पट्टीतून थेट ग्राउंडवर गेला, आणि फ्यूज लावायचा आळस केला असल्याने ट्रान्सफॉर्मरच जळला. म्हणून ७९१२ खाली अभ्रकाचा तुकडा व प्लॅस्टिकचे बुश घालावे, किंवा दोघांना वेगळ्या पट्ट्या द्याव्यात. आणि प्रायमरीला फ्यूज लावावाच. ७९१२ च्या आउटपुटला किमान १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पायांजवळच हवा, नाहीतर तो स्वतःच डोलू लागतो.

प्रत्येक आयसीच्या ४ आणि ८ या पायांना अगदी जवळ, एका सेंटीमीटरच्या आत, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडावा. तो वगळला तरी मिक्सर वाजतो, म्हणूनच अनेकजण तो वगळतात. पण मग ५५३२ कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारितेवर आंदोलू लागतो, आवाज दबल्यासारखा येतो आणि आयसी चटका बसावा इतका तापतो. २४ व्होल्ट आणि ८ मिलिअँपिअर म्हणजे ०.२ वॉटही नाही, तेव्हा निरोगी ५५३२ बोटाला कोमटच लागला पाहिजे.

शिमग्यात पालखीबरोबर फिरताना १२ व्होल्टांच्या बॅटरीवर मिक्सर चालवायचा असेल, तर १० किलोओमचे दोन रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांनी ६ व्होल्टांचा मध्यबिंदू तयार करून इनपुटांचे रेझिस्टर ग्राउंडऐवजी त्या बिंदूला न्यावेत, आणि आत येताना व बाहेर जाताना कपॅसिटर घालावेत. अशा वेळी आउटपुटला हलायला दोन्ही बाजूंना साधारण ४ व्होल्टच उरतात, हे गृहीत धरून गेन कमी ठेवावा.

माइकची पहिली पायरी

सळसळीची तक्रार इथे जन्मते. डायनॅमिक माइक काही मिलिव्होल्टच देतो, आणि तो सिग्नल एकदा गोंगाटात मिसळला की पुढे कोणीही तो वेगळा काढू शकत नाही. म्हणून जो काही मोठा गेन घ्यायचा, तो पहिल्याच पायरीत घ्यावा.

माइकचा सिग्नल कपॅसिटरमधून ५५३२ च्या अधिक इनपुटला द्यावा आणि त्या इनपुटपासून ग्राउंडला १० किलोओम लावावेत. आउटपुटपासून उणे इनपुटला ४.७ किलोओम, आणि उणे इनपुटपासून १०० ओम व २२० मायक्रोफॅरड यांची मालिका ग्राउंडला जोडावी. दोन्ही इनपुटांचा दाब समान राहायचा असल्याने आउटपुटला ४.७ किलोओम आणि १०० ओम यांच्या विभाजनाची भरपाई करावी लागते, म्हणून गेन होतो १ अधिक ४७, म्हणजे ४८ पट. कपॅसिटरमुळे हा गेन फक्त आवाजाला मिळतो. स्थिर दाबाला गेन १ राहतो. हा कपॅसिटर नसता तर ५५३२ च्या इनपुटचा ०.२ मायक्रोअँपिअर प्रवाह १० किलोओममधून जाऊन पडणारे २ मिलिव्होल्टही ४८ पट झाले असते. १०० ओम आणि २२० मायक्रोफॅरड यांची खालची सीमा सुमारे ७ हर्ट्झ येते, ती पुरेशी खाली आहे.

आता १०० ओमच का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ४७० किलोओम आणि १० किलोओम घेतले तरी गेन ४८ च येतो, आणि जुन्या मिक्सरांत मला अशीच जोडी अनेकदा सापडते. पण प्रत्येक रेझिस्टर स्वतःच्या उष्णतेमुळे गोंगाट करतो. १०० ओमचा गोंगाट हर्ट्झच्या दर वर्गमूळाला १.३ नॅनोव्होल्ट आहे आणि १० किलोओमचा सुमारे १३. त्यातच आयसीच्या इनपुट प्रवाहाचा गोंगाट १० किलोओमवर आणखी ७ नॅनोव्होल्टांची भर घालतो. माइक, आयसी आणि रेझिस्टर यांची वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, तर पहिल्या जोडीत एकूण साडेपाच नॅनोव्होल्ट येतात आणि दुसरीत पंधराच्या वर, म्हणजे सळसळ जवळजवळ ९ डेसिबलने जास्त. आयसी तोच, गेन तोच. ‘चांगला आयसी टाका’ म्हणून आलेल्या एका मिक्सरमध्ये मी फक्त प्रत्येक माइकचे दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर बदलून दिले, आणि जुने आयसी तसेच ठेवले. तो परत आला नाही.

दुसरी तक्रार, थापेला आवाज फाटण्याची, याच पायरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. १२ व्होल्टांच्या सप्लायवर आउटपुट साधारण १० व्होल्टांपर्यंत जाऊ शकते. बुवांचा आवाज जवळून १०० मिलिव्होल्टांच्या शिखरापर्यंत गेला तरी ४८ पटींनी ४.८ व्होल्ट होतात आणि जागा शिल्लक राहते. पखवाजाच्या धुमेच्या, म्हणजे खर्जाच्या बाजूच्या, तोंडाशी ठेवलेला माइक याहून कितीतरी जास्त देतो. त्या चॅनेलला १०० ओमऐवजी ४७० ओम लावावेत, म्हणजे गेन ११ होतो. पुढचा व्हॉल्यूम कमी करून फाटलेला आवाज सांधला जात नाही, कारण तो व्हॉल्यूमच्या आधीच फाटलेला असतो.

इनपुटच्या जॅकजवळ १०० ओम मालिकेत आणि ४७० पिकोफॅरड ग्राउंडला लावल्यास जवळच्या मोबाइलची टुरटुर पुष्कळ कमी होते.

हार्मोनियमची पिझो चकती

गर्दीच्या रंगमंचावर हार्मोनियमसमोर माइक ठेवला की त्यात झांज आणि कोरसच जास्त येतो. म्हणून पेटीच्या आत पिझो चकती चिकटवण्याची पद्धत रुळली आहे. ही चकती विद्युतदृष्ट्या १५ नॅनोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर असते, आणि ती १० किलोओमच्या माइक इनपुटला जोडली तर सुमारे १ किलोहर्ट्झच्या खालचा आवाज उतरत जातो. खर्ज गेला, पेटी पत्र्याची वाटते, असे वादक म्हणतात ते यामुळे. ४७ किलोओमला ही सीमा २२५ हर्ट्झवर येते, आणि १ मेगाओमला १० हर्ट्झच्या जवळ. तेव्हा टीएल०७२ चा अधिक इनपुट १ मेगाओमने ग्राउंडला बांधावा, आउटपुट थेट उणे इनपुटला जोडावे, आणि गेन १ चा हा बफर शक्य तितका पेटीजवळ ठेवावा.

टीएल०७२ ची एक खोड आहे: इनपुट उणे सप्लायच्या फार जवळ गेले की आउटपुट एकदम उलट्या टोकाला उडी मारते. चकतीला धक्का लागला तर ती बरेच व्होल्ट देऊ शकते, म्हणून १० किलोओम मालिकेत घालून इनपुटपासून दोन्ही सप्लायना एकेक १एन४१४८ डायोड उलट्या दिशेने लावावा.

मेगाओमची ही जागा कोकणात विशेष जपावी लागते. सोल्डरिंगचा फ्लक्स पट्टीवर राहिला, त्यावर जुलैतली दमट हवा आणि किनाऱ्याचे मीठ बसले की शेजारच्या १२ व्होल्टांच्या पट्टीपासून इनपुटपर्यंत गळती सुरू होते. ही गळती ५० मेगाओमची असली, म्हणजे साध्या मल्टिमीटरला दिसणारही नाही इतकी, तरी १ मेगाओमवर पाव व्होल्ट उभा राहतो, आणि हवा बदलेल तसा तो हलतो. अशा मिक्सरमध्ये पेटीचा पॉट (आवाज कमी-जास्त करण्याची खुंटी) फिरवला की खरखर येते आणि लोक पॉट बदलतात. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासावी, हेअर ड्रायरने कोरडी करावी, आणि त्यानंतरच लॅकरचा हात द्यावा. ओल आत ठेवून वर लॅकर मारले तर ती कायमची आत राहते.

खालची घरघर कापणे

लाकडी रंगमंचावर पाय आपटले, वारा सुटला किंवा माइक हातातून हातात गेला की ५०-६० हर्ट्झच्या खाली नुसती धडधड येते, आणि ती अ‍ॅम्प्लिफायरची ताकद खाते. गायनाच्या चॅनेलला सॅलन आणि की यांनी १९५५ मध्ये मांडलेला फिल्टर लावावा. सिग्नल १०० नॅनोफॅरडच्या दोन कपॅसिटरांतून एकामागून एक जाऊन गेन १ च्या ऑप-अ‍ॅम्पच्या अधिक इनपुटला पोचतो. दोन कपॅसिटरांच्या मधल्या बिंदूपासून आउटपुटला १५ किलोओम, आणि अधिक इनपुटपासून ग्राउंडला ३० किलोओम. सीमा ७५ हर्ट्झवर येते आणि तिच्याखाली आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. पखवाजाला हा फिल्टर लावू नये. धुमेचा गाभाच निघून जाईल.

चार आवाजांची बेरीज

तिसरी तक्रार राहिली. सगळ्या चॅनेलच्या तारा एकमेकींना नुसत्या पिळून जोडल्या की प्रत्येक चॅनेल दुसऱ्याचे ओझे होतो, आणि एकाचा पॉट खाली केला की सगळे खाली जातात. त्याऐवजी प्रत्येक चॅनेलचे आउटपुट १० मायक्रोफॅरडमधून १० किलोओमच्या लॉग पॉटला द्यावे, पॉटच्या मधल्या पायापासून २२ किलोओम घेऊन सगळे रेझिस्टर एका ऑप-अ‍ॅम्पच्या उणे इनपुटवर एकत्र आणावेत, अधिक इनपुट ग्राउंडला ठेवावे, आणि आउटपुटपासून उणे इनपुटला २२ किलोओम व त्याला समांतर ४७ पिकोफॅरड जोडावेत.

दोन्ही इनपुटांचा दाब समान राहतो हे वाक्य इथे आठवावे. अधिक इनपुट शून्यावर आहे, म्हणून उणे इनपुटही शून्यावरच राहते, जरी ते ग्राउंडला जोडलेले नाही. प्रत्येक चॅनेलला समोर जणू जमीनच दिसते आणि शेजाऱ्याचा पत्ताही लागत नाही. एक किंमत मात्र मोजावी लागते: चार इनपुटांच्या या पायरीत आयसीचा स्वतःचा गोंगाट पाच पट होऊन बाहेर येतो. पहिल्या पायरीत गेन घेतलेला असल्याने तो जाणवत नाही. पण ‘पुढे लागतील’ म्हणून बारा चॅनेलांचे रेझिस्टर रिकामे जोडून ठेवू नयेत.

यानंतर टोन कंट्रोल हवाच असेल तर पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेलेच सर्किट वापरावे. तयार पट्ट्यांवरही तेच असते. त्याचे पॉट लॉग नसून लिनिअर असावेत, नाहीतर खुंटी मध्यावर असताना आवाज सपाट राहत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची तार

आउटपुटला ४७ मायक्रोफॅरडनंतर १०० ओम मालिकेत घालावेत. लांब शील्ड वायरची धारिता थेट आयसीवर पडली तर तो आंदोलतो. मिक्सर रंगमंचाजवळ आणि अ‍ॅम्प्लिफायर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या प्लगवर असेल तर दोन ग्राउंडांमधल्या फरकाने ५० हर्ट्झची गुणगुण येते. सप्लायची लहर १०० हर्ट्झची, म्हणजे एक सप्तक वर असते. हार्मोनियमवर सूर जुळवून पाहिल्यास दोहोंतला फरक कानानेच ओळखता येतो.

या गुणगुणीवर उपाय म्हणजे तीन तारांची (दोन सिग्नलच्या, एक ग्राउंडची) बॅलन्स्ड लाइन आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला १० किलोओमच्या चार रेझिस्टरांचा वजाबाकी करणारा ऑप-अ‍ॅम्प. सिग्नलच्या दोन्ही तारांवर सारखीच आलेली गुणगुण वजा होते, पण ती किती होते हे आयसीवर ठरत नाही, चार रेझिस्टर किती जुळतात यावर ठरते. १ टक्क्याचे रेझिस्टर जसे हाताला लागतील तसे लावले तर वाईटात वाईट स्थितीत ३४ डेसिबलच मिळतात, ०.१ टक्क्यापर्यंत जुळवले तर ५४. पन्नास रेझिस्टरांची पट्टी आणून एकाच मल्टिमीटरवर, एकाच बैठकीत मोजावी आणि सारखे आकडे दाखवणारे चार निवडावेत. मीटर थोडा चुकीचा असला तरी बिघडत नाही, कारण आपल्याला एकमेकांशी जुळणी हवी आहे.

चालू करताना आणि पावसाळ्यात

आयसी बसवण्याआधी वीज देऊन ८ वर अधिक १२ आणि ४ वर उणे १२ आहेत ना, ते पाहावे. आयसी लावल्यावर १ आणि ७ या पायांवर शून्याच्या आसपास, काही मिलिव्होल्टच असावेत. एखादे आउटपुट १० व्होल्टांना चिकटले असेल तर २ आणि ३ मधला दाब मोजावा. तो शून्याजवळ असेल तर आयसी आपले काम करतो आहे आणि दोष त्याच्या आधीच्या पायरीत आहे; तो मोठा असेल तर फीडबॅकचा रेझिस्टर तुटला आहे किंवा आयसी गेला आहे. आयसीचा एखादा अर्धा वापरायचा नसेल तर तो मोकळा सोडू नये: त्याचे आउटपुट त्याच्याच उणे इनपुटला आणि अधिक इनपुट ग्राउंडला जोडावे.

स्वस्त आयसी सॉकेटांबद्दल माझे मत टोकाचे आहे. देवगड, मालवण, गुहागर अशा किनाऱ्यालगतच्या गावांत त्यांच्या पात्यांवर दोन पावसाळ्यांत काळपट-हिरवा थर येतो, आणि मिक्सर मधूनच मुका होतो व टपली मारली की बोलू लागतो. गोल, कातीव पायांचे सॉकेट घ्यावे, नाहीतर आयसी थेट सोल्डर करावा. काम संपल्यावर मिक्सर पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि आषाढापासून गणपतीपर्यंत आठवड्यातून एकदा तासभर नुसता चालू ठेवावा. रेग्युलेटरांच्या उबेने आतली ओल निघून जाते. गोकुळाष्टमीच्या सुमारास प्रत्येक पॉट वीस-पंचवीस वेळा फिरवावा आणि मग १ व ७ या पायांवरचे व्होल्टेज पुन्हा मोजून झाकणाच्या आतल्या बाजूस तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी आकडा सरकला असेल तर पहिला संशय पेटीच्या १ मेगाओमवर घेता येतो.